उतू गेलेलं वरण आणि न दिसणारा अणू

परवा वरण उतू गेलं. कुकरची रिंग गेलेली, म्हणून डाळ पातेल्यात शिजत होती. मीठ आधीच पडलं होतं आणि मी फोनवर. फेस कडेवरून बर्नरवर ओघळला, चर्र झालं आणि निळी ज्योत एकदम पिवळीधमक झाली. आठवीतली भाची ओट्यापाशीच उभी होती. तिने गॅस बारीक केला आणि विचारलं, "मामा, ज्योत पिवळी का झाली?"

"मिठात सोडियम असतं. त्याच्या अणूतला शेवटचा इलेक्ट्रॉन वर उडी मारतो आणि खाली येताना पिवळा प्रकाश सोडतो."

"कशावरून?"

आपल्याकडे हा शब्द सहसा भांडणात येतो, पण इथे तो अगदी रास्त होता. तिच्या पुस्तकात डाल्टन, थॉमसन, रदरफोर्ड, बोर हे पेशव्यांच्या वंशावळीसारखे एकाखाली एक येतात. प्रत्येकाची एक आकृती, तीन मुद्दे, दोन त्रुटी. परीक्षेपुरतं तेवढं भागतं. पण या चौघांपैकी एकानेही अणू डोळ्यांनी पाहिला नव्हता. मग आकृत्या काढल्या कशाच्या आधारावर? प्रत्येक आकृतीच्या मागे कुणीतरी केलेलं एक मोजमाप आहे, आणि मला विचाराल तर ते मोजमाप आकृतीपेक्षा जास्त रंजक आहे.

सुरुवात ग्रीसमधल्या डेमॉक्रिटसपासून आणि आपल्याकडच्या कणादांपासून करायची रीत आहे. पदार्थ तोडत गेलं तर कुठेतरी न तुटणारा कण लागेल, हा विचार दोघांकडे आहे, आणि कणादांच्या परंपरेतल्या वैशेषिकांनी तर दोन परमाणूंचं द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचं त्र्यणुक असा हिशोबही मांडला होता. विचार म्हणून तो सुंदर आहे. पण "कशावरून?" विचारलं तर दोघांकडे युक्तिवाद होता, माप नव्हतं. जाता जाता एक सांगतो. मराठी शाळेत आपण ज्याला अणू म्हणतो त्याला हिंदीत परमाणु म्हणतात, आणि हिंदीतला अणु म्हणजे आपला रेणू. हिंदीतले व्हिडिओ बघून अभ्यास करणारी मुलं इथे हमखास अडखळतात.

पहिलं खरं माप तराजूचं. जॉन डाल्टन हा इंग्लंडमधल्या एका विणकराचा मुलगा. मँचेस्टरमध्ये शिकवण्या करून राहायचा आणि रोज हवामानाची नोंद ठेवायचा. ही नोंदवही त्याने ५७ वर्षं चालवली. त्याला लाल-हिरव्या रंगांतला फरक कळत नसे आणि त्यावर त्याने १७९४ मध्ये निबंधही वाचला होता. तर अशा चिकट माणसाने वायूंच्या वजनांचे आकडे हाती घेतले. कार्बन आणि ऑक्सिजन यांची दोन संयुगं होतात. १२ ग्रॅम कार्बनला एकात १६ ग्रॅम ऑक्सिजन लागतो, दुसऱ्यात ३२. एकाला दुप्पट दुसरा. मधला २० किंवा २३ कधीच नाही.

हे का महत्त्वाचं? वाण्याकडे साखर हवी तेवढी मिळते, पाव किलो म्हणा की तीनशे ग्रॅम. नारळ मात्र एक नाहीतर दोन. दीड नारळ कुणी देत नाही. आता समजा पिशव्या शिवलेल्या आहेत, आत डोकावता येत नाही, फक्त वजन करता येतं. प्रत्येक पिशवीचं वजन ठरावीक टप्प्यानेच वाढत असेल, तर आत साखर नाही, नारळ आहेत, हे पिशवी न उसवता कळतं. डाल्टनने नेमकं हेच केलं. १८०३ मध्ये त्याने अणूंच्या तुलनात्मक वजनांचा पहिला तक्ता केला आणि १८०८ मध्ये सगळा सिद्धांत पुस्तकात मांडला.

त्यात एक मोठी चूक होती. पाण्यात हायड्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचा एक अणू असतो असं त्याने धरलं. नारळांचं एकूण वजन कळलं तरी पिशवीत किती नारळ आहेत ते कळत नाही, म्हणून त्याने सर्वांत साधा आकडा घेतला. त्यापायी ऑक्सिजनचं वजन निम्म्यावर आलं. इटलीतल्या अ‍ॅव्होगाड्रोने १८११ मध्ये यातून वाट दाखवली होती, पण ती रसायनशास्त्रज्ञांच्या गळी उतरायला १८६० ची कार्ल्सरूहची परिषद आणि कॅनिझारोची खटपट लागली. मधली जवळजवळ पन्नास वर्षं पाण्याचं सूत्र कुणी कसं लिहायचं तर कुणी कसं.

तराजू एवढंच सांगू शकत होता की नारळ आहेत. नारळाच्या आत काय, ते प्रकाशाने आणि विजेने सांगितलं.

आपल्या पिवळ्या ज्योतीची गोष्ट इथे सुरू होते. १८५९-६० च्या सुमारास जर्मनीत हायडेलबर्गला बुन्सेन आणि किर्कहॉफ हे दोघे ज्योतीत निरनिराळे क्षार धरून तो प्रकाश लोलकातून बघत होते. मेणबत्तीचा प्रकाश लोलकातून पाहिला तर सलग सप्तरंगी पट्टा दिसतो. मीठ घातलेल्या ज्योतीत तसं होत नाही. अंधारात फक्त एक झळझळीत पिवळी रेघ उमटते, ५८९ नॅनोमीटरपाशी. लिथियमची रेघ वेगळी, पोटॅशियमची वेगळी. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा ठरलेल्या, बोटांच्या ठशासारख्या. या ठशांवरून दोघांनी सीझियम आणि रुबिडियम ही दोन नवी मूलद्रव्यंही शोधली.

आणि मग १८ ऑगस्ट १८६८. त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहणाची सावली भारतावरून गेली. गुंटूरला फ्रान्सचा खगोलशास्त्रज्ञ जान्सेन वर्णपटदर्शक, म्हणजे प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणारं उपकरण, लावून बसला होता. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांत रेघा दिसल्या, त्यांत एक पिवळीही होती. पुष्कळांनी ती सोडियमचीच मानली. आपल्या विजयदुर्गावर जुने ओटे दाखवून "लॉकियरने इथूनच हेलियम शोधला" असं सांगतात आणि दरवर्षी १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिवसही साजरा होतो. किल्ला मला प्रिय आहे, पण खरं सांगायला हवं: इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होता. ग्रहणाशिवाय त्या ज्वाळांचा वर्णपट त्याने तिथूनच, ऑक्टोबर १८६८ मध्ये टिपला. ती पिवळी रेघ सोडियमच्या रेघेच्या अगदी शेजारी आहे, पण तिच्यावर बसत नाही, हे त्याने दाखवलं. नवं मूलद्रव्य मानलं गेलं आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हणू लागले. पृथ्वीवर तो १८९५ मध्ये रॅम्झीला युरेनियमच्या एका खनिजात सापडला. हेलियम लक्षात ठेवा, थोड्या वेळात तो पुन्हा येणार आहे.

रेघा होत्या, पण त्या का पडतात हे कुणालाच माहीत नव्हतं. डाल्टनचा अणू म्हणजे भरीव गोटी. गोटीत असं काय आहे की ती ठरावीक रंगच फेकेल?

गोटीला पहिला तडा १८९७ मध्ये केंब्रिजला गेला. हवा काढून घेतलेल्या काचेच्या नळीत मोठा विद्युतदाब दिला की ऋण टोकाकडून किरण निघतात. जे. जे. थॉमसनने ते चुंबकाने आणि विद्युतक्षेत्राने वाकवले आणि किती वाकतात ते मोजलं. त्यातून कणाचं वस्तुमान आणि प्रभार यांचं गुणोत्तर निघालं, आणि ते हायड्रोजनच्या आयनापेक्षा, म्हणजे प्रभार असलेल्या अणूपेक्षा, हजाराहून अधिक पटीने लहान भरलं. नळीतला वायू बदला, टोकाचा धातू बदला, आकडा तोच. म्हणजे प्रत्येक पदार्थात हा एकच इवलासा कण आहे. आज आपल्याला माहीत आहे की हा कण, म्हणजे इलेक्ट्रॉन, हायड्रोजनच्या केंद्रकापेक्षा, म्हणजे अणूच्या मधल्या गाभ्यापेक्षा, १८३६ पट हलका असतो.

इलेक्ट्रॉन ऋण, अणू मात्र एकूण उदासीन. मग धन प्रभार कुठेतरी हवाच. थॉमसनने तो अणूभर पसरलेला मानला. पुस्तकात याला प्लम पुडिंग म्हणतात, जे आपल्यापैकी फार थोड्यांनी खाल्लेलं असतं. मी शिरा म्हणतो. शिरा म्हणजे धन प्रभार, मधले मनुके म्हणजे इलेक्ट्रॉन. थॉमसनचे मनुके निवांत बसलेले नव्हते, गोल कड्यांतून फिरत होते, पण आपल्याला शिरा महत्त्वाचा, कारण पुढे शिराच खोटा ठरला.

अर्नेस्ट रदरफोर्ड मूळचा न्यूझीलंडचा. १९०७ पासून तो मँचेस्टरला होता, डाल्टनच्याच गावात. रेडियमसारख्या किरणोत्सारी पदार्थांतून अल्फा कण सुटतात आणि त्यांवर धन प्रभार असतो, हे तेव्हा ठाऊक होतं. रदरफोर्डने आणि त्याचा सहकारी रॉइड्सने हे कण अतिशय पातळ काचेतून दुसऱ्या बंद नळीत साठू दिले, काही दिवसांनी नळीत विजेची ठिणगी पाडली आणि प्रकाश वर्णपटदर्शकातून पाहिला. पिवळी रेघ! तीच, ग्रहणातली. अल्फा कण म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेला हेलियम.

आता या कणांचा बंदुकीसारखा उपयोग सुरू झाला. सोन्याचा पत्रा घेतला, सेंटिमीटरच्या ०.००००४ इतक्या जाडीचा. बर्फीवरच्या वर्खाच्या जातीचा म्हणा. इतका पातळ असूनही त्यात सोन्याच्या अणूंचे हजाराहून अधिक थर येतात. सेकंदाला पंधरा-वीस हजार किलोमीटर वेगाने येणारे अल्फा कण त्यावर सोडले. पलीकडे झिंक सल्फाइडचा पडदा. कण त्यावर आपटला की बारीकशी ठिणगी चमकते आणि ती सूक्ष्मदर्शकातून मोजायची.

यंत्राने नाही, डोळ्यांनी. आधी काळोख्या खोलीत अर्धा तास बसून राहायचं, म्हणजे डोळे सरावतात. मग एक-दोन मिनिटं मोजायचं, डोळा शिणला की थांबायचं, पुन्हा मोजायचं. रदरफोर्डने एका पत्रात आपला सहकारी गायगरबद्दल लिहिलंय की तो रात्रभर शांतपणे मोजू शकतो, मी मात्र दोन मिनिटांत वैतागून उठतो. पुढे याच हान्स गायगरच्या नावाने किरणोत्सार मोजणारं यंत्र प्रसिद्ध झालं, यात नवल नाही. ज्याने रात्रंदिवस मोजलं त्यालाच मोजायचं यंत्र हवं होतं.

१९०९ मध्ये रदरफोर्डने वीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याला, अर्नेस्ट मार्सडेनला, काम दिलं: काही कण मागे फिरतात का ते बघ. फिरतील असं कुणालाच वाटत नव्हतं. शिऱ्यात पसरलेला धन प्रभार इतका विरळ की त्याचा धक्का किरकोळ. इलेक्ट्रॉन तर अल्फा कणापेक्षा सात हजार पट हलका, ट्रकवर डास आदळावा तसा. असे हजारो किरकोळ धक्के मिळून कण वळेल का? दादरच्या पुलावर गर्दीच्या वेळी चालून बघा. धक्के खात माणूस वीतभर डावीकडे जातो, वीतभर उजवीकडे, पण पुलाच्या दुसऱ्या टोकालाच उतरतो. ढकलाढकलीत तो उलटा वळून पुन्हा फलाटावर आला, तर समजावं की मध्ये कुणीतरी पैलवान उभा होता.

मार्सडेनला मागे फिरलेले कण दिसले. सोन्याच्या पत्र्यातून जाताना साधारण २०,००० कणांत एक कण सरासरी काटकोनात वळत होता. रदरफोर्डने पुढे एका व्याख्यानात सांगितलं की पंधरा इंची तोफगोळा टिश्यू पेपरवर डागावा आणि तो उलटून आपल्यालाच लागावा, इतकं ते अविश्वसनीय होतं. हे वाक्य सगळीकडे छापलं जातं. त्यामुळे वाटतं की गोळा उलटला आणि त्याच संध्याकाळी केंद्रक सापडलं. प्रत्यक्षात त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं गेली. किरकोळ धक्क्यांच्या बेरजेने हे होणं गणिताने अशक्यप्राय आहे, एकाच टकरीत होत असेल तर अणूचा सगळा प्रभार अगदी छोट्या जागेत कोंबलेला हवा, आणि तसा तो असेल तर कुठल्या कोनात किती कण जातील, हे सगळं त्याने मांडलं आणि १९११ मध्ये छापलं. मधला प्रभार धन की ऋण, हे त्या लेखात त्याने पक्कं केलेलं नाही. आकडे दोन्हीकडे सारखेच येत होते आणि आकड्यांनी सांगितलं त्यापुढे तो गेला नाही. मला त्या लेखातला हा भाग सर्वांत आवडतो. मग गायगर आणि मार्सडेन पुन्हा काळोखात बसले आणि १९१३ पर्यंत कोनाकोनाने मोजून गणित पडताळून दिलं.

केंद्रक किती लहान? वानखेडेच्या खेळपट्टीच्या मधोमध दोन मिलीमीटरचा मोहरीचा दाणा ठेवा. तो हायड्रोजनचं केंद्रक मानला, तर त्याचा एकुलता एक इलेक्ट्रॉन साधारण सीमारेषेपाशी सापडेल. आणि अणूच्या वस्तुमानाचा ९९.९ टक्क्यांहून अधिक भाग त्या मोहरीत.

इथे भाचीने ओट्यावर हात आपटला. "मग माझा हात आरपार का जात नाही?" कारण रिकामी जागा म्हणजे पडीक जागा नव्हे. हाताच्या आणि ओट्याच्या अणूंचे इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात. शिवाय दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत असा निसर्गाचा कडक नियम आहे, जो पाउलीने १९२५ मध्ये मांडला. लोकलमध्ये चौथी सीट नसते, तरी चौथा माणूस बसतो. इलेक्ट्रॉन तसं कधीच करत नाहीत.

रदरफोर्डच्या अणूला एक जीवघेणं दुखणं होतं. त्यात इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती फिरतात, आणि गोल फिरणारा प्रभार सतत प्रकाश टाकतो आणि ऊर्जा गमावतो, असं तेव्हाचं भौतिकशास्त्र सांगत होतं. त्या हिशोबाने इलेक्ट्रॉन सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही आत केंद्रकात जाऊन कोसळायला हवा. आणि पडता पडता त्याने सगळे रंग फेकायला हवेत, ठरावीक रेघा नाहीत.

त्याचं औषध एका शाळामास्तराच्या आकडेमोडीत दडलं होतं. स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या योहान बाल्मरने १८८५ मध्ये, साठीला आलेला असताना, हायड्रोजनच्या चार रेघांचं कोडं सोडवलं. मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडा. ३६४.६ ला ९ ने गुणा आणि ५ ने भागा: ६५६.३, लाल रेघ. १६ ने गुणून १२ ने भागा: ४८६.१, निळसर-हिरवी. २५ ने गुणून २१ ने भागा: ४३४. ३६ ने गुणून ३२ ने भागा: ४१०.२. वर ३, ४, ५, ६ यांचे वर्ग आणि खाली त्याच संख्या चारने कमी. चारही उत्तरं नॅनोमीटरमध्ये, अगदी नेमकी. हे असं का, ते बाल्मरलाही सांगता आलं नाही.

१९१३ मध्ये डेन्मार्कच्या नील्स बोरच्या नजरेस हे सूत्र पडलं आणि त्याचं कोडं सुटलं. तो आदल्या वर्षी मँचेस्टरला रदरफोर्डकडे राहून आला होता. बोर म्हणाला, इलेक्ट्रॉनला वाटेल तिथे फिरायची मुभाच नाही. जिन्याला पायऱ्या असतात, दोन पायऱ्यांच्या मध्ये उभं राहता येत नाही. वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर उतरताना जेवढी ऊर्जा सुटते, तेवढ्याच ऊर्जेचा प्रकाश बाहेर पडतो. पायऱ्या ठरलेल्या, म्हणून रंग ठरलेले. सूत्रातले ३, ४, ५, ६ म्हणजे वरच्या पायऱ्यांचे नंबर आणि तो चार म्हणजे दुसऱ्या पायरीचा वर्ग. सगळ्यांत खालच्या पायरीच्या खाली पायरीच नाही, म्हणून इलेक्ट्रॉन केंद्रकात पडत नाही. आणि का नाही पायरी? त्याचं उत्तर बोरकडेही नव्हतं. "तसं मानलं की आकडे जुळतात" इथेच तो थांबला होता.

याच सुमारास हेन्री मोझलीने धातूंमधून निघणारे क्ष-किरण मोजून केंद्रकावरचा प्रभार क्रमवार १, १, १ ने वाढतो हे दाखवलं. तोवर मूलद्रव्यं वजनाने ओळीत लावायचे, आणि मग कोबाल्ट निकेलपेक्षा किंचित जड असूनही आधी का, याचं उत्तर नव्हतं. मोझलीनंतर ते सोपं झालं: कोबाल्ट २७, निकेल २८. ४३, ६१ आणि ७५ या जागा रिकाम्या आहेत हेही त्याने सांगितलं. पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला १९१५ च्या ऑगस्टमध्ये तो मारला गेला. वय २७.

राहिला न्यूट्रॉन, केंद्रकातला प्रभार नसलेला कण. तो जेम्स चॅडविकने १९३२ मध्ये शोधला, आणि शाळेतला एक जुना प्रश्न त्याने मिटला: क्लोरीनचं अणुवस्तुमान ३५.५ कसं, अर्धा प्रोटॉन (केंद्रकातला धन कण) असतो की काय? नसतो. क्लोरीनचे दोन प्रकार आहेत, ३५ आणि ३७, साधारण तीनास एक. दोन्हींत प्रोटॉन १७ च, फक्त न्यूट्रॉन १८ किंवा २०. साडेपस्तीस ही सरासरी.

आणि बोरचा जिना? हायड्रोजनला तो बरोबर लागला, दोन इलेक्ट्रॉनच्या हेलियमपाशीच गडबडला. १९२६ पर्यंत श्रोडिंगर आणि इतरांनी त्या जागी दुसरं गणित आणलं. त्यात इलेक्ट्रॉन वर्तुळात धावत नाही. तो कुठे सापडण्याची शक्यता किती, एवढंच सांगता येतं. पुस्तकातल्या गोल कक्षा त्यानंतरही टिकल्या आहेत, कारण धुकं वहीत काढणं अवघड असतं.

तर मिठाचं उत्तर आता नीट देता येतं. सोडियमचे ११ इलेक्ट्रॉन: २, ८ आणि शेवटी एकटा १. मिठात तो एकटा क्लोरीनला देऊन टाकलेला असतो. ज्योतीच्या उष्णतेत मीठ फुटतं, सोडियमचा अणू आपला इलेक्ट्रॉन परत मिळवतो, धक्क्याने तो वरच्या पायरीवर जातो आणि परतताना ५८९ नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश टाकतो.

"पण बर्नर घाण झाला की पण ज्योत पिवळी होते," भाची म्हणाली. बरोबर आहे. तो पिवळा वेगळा. हवा कमी पडली की काजळीचे कण तापून चमकतात, मेणबत्तीत चमकतात तसे. दोन्ही पिवळे डोळ्यांना जवळजवळ सारखेच.

मग मी कपाटातून जुनी सीडी काढली. दिवे घालवले, चमच्यात मिठाचं पाणी घेऊन ज्योतीवर दोन थेंब टाकले आणि सीडी दोन हात लांब तिरकी धरून तिच्यावरचं प्रतिबिंब बघायला सांगितलं. सीडीवरच्या बारीक रेषा लोलकाचं काम करतात. मेणबत्तीचं प्रतिबिंब तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत पसरलं. मिठाच्या ज्योतीचं मात्र पसरलंच नाही. एक पिवळी ज्योत, जशीच्या तशी, आणि बाजूला बर्नरची थोडी निळी-हिरवी झाक.

ती बराच वेळ सीडी हलवत बसली. वरण पुन्हा गरम करावं लागलं.